सिसिलियाबाईंचा उपास

मी आयुष्यभर बायकांची कामं केली. राणी झालो, सवत झालो, नवऱ्यानं टाकलेली सून झालो. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा बाई स्टेजवर चढत नसे. मिशी काढून पुरुषच लुगडं नेसायचे. मी पहिल्यांदा नेसलो ते सिसिलियाबाईंचं लुगडं. पांढरं, निळ्या काठाचं. बरं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि फादर गावात आले की मिस्सेच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, दिवशी त्या ते नेसत. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "नेस. पण चालताना पाय फाकू नको, डोमा. राणी आहेस. बोडीत मासे धराले नाई चालली."

टोमणा बरोबर बसला, कारण आम्ही ढिवर, मासे धरणारे. मोहटोल्याची बोडी, म्हणजे गावाचं तळं, हीच आमची शेती. नागभीड स्टेशनावरून बैलगाडीनं निघालं की जंगलातून अर्धा दिवस यायचं, मग ही बोडी दिसायची, पाळीवरची मोहाची झाडं, आणि त्यांच्या आड कवेलूच्या छपराची एक खोली. ती मिशनची शाळा. शाळा म्हणजे सिसिलियाबाई. दुसरा मास्तर कधी नव्हताच.

बाई मूळच्या नागपूरच्या. आईबाप आठवत नव्हते. मिशनच्या मदर लोकांनी वाढवलं, शिकवलं. नवरा फ्रान्सिस नागभीडच्या स्टेशनात पॉइंटमन होता. तो तापानं गेला, तेव्हा लहानग्या मुलीला घेऊन बाई मोहटोल्यात आल्या. ती मुलगी मोठी झाली, लग्न झालं आणि बाळंतपणात गेली. जावई बल्लारपूरच्या खाणीत गेला, तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. मागे राहिली नात, तेरेजा. गाव तिला तेरू म्हणायचं. आजी आणि नात, एवढे दोनच ख्रिस्ती आमच्या गावात. एकदा मुखरू पाटलानं शाळेच्या दारात उभं राहून थट्टेनं विचारलं होतं, "काय वो मास्तरीनबाई, इतकी वर्सं झाली, आमाले बाटवत काऊन नाई?"

"आधी तुमचे पोट्टे पाढे पाठ करू द्या, पाटील," बाई म्हणाल्या. "मंग पाहू."

पाढे पाठ होणं कठीण होतं. पाणी उतरायला लागलं की आमची सगळी पोरं बोडीवर. शाळा ओस. बाई कुणालाही रागावल्या नाहीत. त्यांनी फळा उचलला, पाळीवर मोहाच्या बुंध्याला टेकवला आणि शाळा तिथेच भरवली. जाळ्यातले मासे मोजून बेरीज, वाटे घालून भागाकार. मरळ निसटली की वजाबाकी. माझा आवाज बारीक होता, पोरं हसायची. तेव्हा बाईंनी मला बोडीच्या या काठाला उभं केलं, आपण वळसा घालून त्या काठाला गेल्या आणि तिथून हात केला. कविता म्हणायची, आणि ती त्यांना तिकडे ऐकू यायला हवी. ओरडायचं मात्र नाही. मी म्हणायचो, त्या मान हलवायच्या: नाही आली. पुन्हा म्हणायचो. पाण्यावरून आवाज कसा सोडायचा, ते मला तिथं कळलं. पुढे हजारो माणसांसमोर उभा राहिलो, धानाच्या बांध्यांत, लाऊडस्पीकर नसताना. प्रत्येक वेळी मी शेवटच्या रांगेच्या मागे बोडीचा तो काठ पाहिला आहे.

माझी आई गोकुळा ही बाईंची शेजारीण. मधे एक काट्याचं कुंपण आणि त्यावरून दिवसभर बोलणं. आई अंगठाबहाद्दर, पण जिभेला धार. बाई दर शुक्रवारी मासे घेत, मटण त्या दिवशी त्यांना वर्ज्य. आई म्हणायची, "तुमचा देव आमच्याच धंद्याचा दिसते, बाई. शुक्रवारी गिऱ्हाईक धाडून राह्यला."

"त्याचे पहिले चेले कोळीच होते वो, गोकुळा."

"मंग भाव बरोबर द्या."

अशा त्या दोघी.

हे सगळं सांगतो आहे ते १९५३ च्या उन्हाळ्यासाठी. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथल्या दंडारीत नाचून नाटकात शिरलेला. बाई थकल्या होत्या. पायांवर सूज असायची, बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. फळ्यापासून दारापर्यंत आल्या की भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या आणि पोरांना कळू नये म्हणून तिथूनच प्रश्न विचारायच्या.

आमच्या गावात फादर वर्षातून दोनतीनदाच येत. त्या दिवशी शाळेचं टेबल म्हणजे वेदी व्हायचं, वर पांढरा कपडा, दोन मेणबत्त्या, आणि त्या एका खोलीत मिस्सा. म्हातारे फादर नाताळात येऊन गेले होते. ईस्टरला यायचे, ते आले नाहीत. ताप घेऊन नागपूरच्या दवाखान्यात पडले होते. मग मे महिन्यात मनसाराम गाडीवान नागभीडहून निरोप घेऊन आला: नवे फादर आले आहेत, जवान आहेत, पुढच्या रविवारी पहाटे मोहटोल्यात पोचतील. पाऊस लागला की रस्ता बंद, मग दिवाळीपर्यंत कुणी येणार नाही.

त्या निरोपानं बाईंच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. तेरू आठ वर्षांची झाली होती. तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद व्हायचा होता. आपल्या शेजारी गुडघे टेकून नातीनं तो घ्यावा, एवढं एकच त्यांना आता हवं होतं. माझ्या आईला त्यांनी कुंपणापाशी सरळ सांगितलं, "दिवाळीचे फादर मले नाई भेटत, गोकुळा. हेच शेवटचे."

 आई शेण कालवता कालवता म्हणाली, "पोरीले डोक्यावर घ्याले काय आहे?"

डोक्यावर घ्यायला माझी ओढणी निघाली. पांढऱ्या जाळीची, राणीची, चांदीच्या टिकल्या लावलेली. ती मी हौसेनं आणून दिली. बाईंनी उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "टिकल्या काढ. देवासमोर आपण चमकायचं नाई." मी आणि तेरू ओसरीवर बसून टिकल्या उसवल्या. एक कोपऱ्यात राहून गेली. तेरूला दिसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तो कोपरा मुठीत झाकला. मीही जाळी तशीच घडी केली.

आता उपासाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच फिरलं. त्यांच्या धर्मात तेव्हा असं होतं की ज्या दिवशी प्रसाद घ्यायचा, त्याच्या आधीच्या मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही. अन्न नाही, आणि पाण्याचा थेंबही नाही. आईला हे पटायचं नाही. "आमच्या एकादशीले पानी चालते, केळ चालते, भगर चालते. तुमचा देव काऊन इतका कडक?"

"कडक नाई वो. मोठा पाहुणा येते तं आपण घर झाडून रिकामं करतो का नाई? तसं."

"घर झाडतो. तुळशीले पानी घालाले बंद नाई करत."

बाई हसल्या. पण नियम तो नियम. शनिवारी निजताना त्यांनी तेरूला गडवाभर पाणी पाजलं आणि स्वतःही प्यायल्या.

रविवारी पहाटे शाळेसमोर सडा होता, आंब्याची पानं होती, टेबलावर कपडा होता. बाई निळ्या काठाचं लुगडं नेसून दारात. तेरू पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळी, तोंडावर गंभीर भाव. हुबेहूब छोटी नवरी. गावच्या बायका बघायला आल्या. आमच्या वस्तीतल्या इस्तारी काकानं मोहाच्या झाडावर चढून रस्ता पाहिला. गाडी नव्हती.

ऊन वर आलं. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापते नऊ दिवस, अजून लागायचा होता, पण त्या वर्षी आधीच सगळं पेटलं होतं. बोडीचं पाणी मधल्या खळग्यात उरलेलं, काठाचा चिखल फुटून खापऱ्या झालेल्या. न्याहारीची वेळ टळली. गाडी नाही. तेरूनं ओठांवरून जीभ फिरवली, आजीकडे पाहिलं आणि जीभ आत घेतली.

"डोमा," बाईंनी मला हाक मारली, "पोरीचं मन पाण्यावरून काढ. काही करून दाखव."

मग मी शाळेच्या त्या खोलीत, वेदीच्या टेबलाकडे पाठ न करता, माझं सगळं भांडार मोकळं केलं. रुसलेली राणी केली, तिची बोबडी दासी केली, भांग प्यालेला कोतवाल केला. तेरू हसली. बाईसुद्धा हसल्या, भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून. माझं नाटक त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नाटक करणं त्यांना पाप वाटायचं नाही, पण रात्रीचं जागरण झेपत नसे. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "दासी बरी आहे. राणी फार बोलते. राणीनं थोडं गप राहावं, डोमा." तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

माझ्या आईनं ते पाहिलं. ती घरी गेली आणि भरलेला गडवा घेऊन आली. बाईंच्या पायाशी बसली आणि तो गडवा मांडीत धरला.

"बाई, एक घोट."

"नाई."

"गाडी आज येत नाई. चाक मोडलं असन."

"येईल."

मग आमच्या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. उपास मोडू नये आणि बाईही मोडू नयेत, अशी त्यांनी शर्थ केली. ताराबाईनं पोती भिजवून दाराला टांगली. कुणी भिंतीवर पाणी मारलं. घमेल्यात पाणी भरून बाईंचे सुजलेले पाय त्यात ठेवले. कैऱ्या चुलीत भाजून त्यांचा गर तळहातांना, तळपायांना चोळला. डोक्यावर ओला पंचा. बाईंच्या सगळ्या अंगावर पाणी होतं, फक्त तोंडात नव्हतं. आई पंच्याचं टोक भिजवून त्यांचे ओठ पुसायला लागली आणि हळूच पिळलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं.

"गोकुळा, लबाडी नको करू."

"मी कुठी? पंचाच पानी सोडून राह्यला."

दुपार झाली. तेरूनं डोक्यावरची जाळी काढली नव्हती. तशीच आजीच्या मांडीवर कलंडली. डोळे अर्धे मिटलेले, गाल तापून लाल. मधूनच उलटी आल्यासारखं करायची, पण पोटात काही नव्हतं. बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर. मग माझ्या आईपुढे हात केला.

"गडवा दे."

आईला वाटलं, सुटलो. तिनं गडवा बाईंच्या ओठांशी नेला. बाईंनी तो तिच्या हातून घेतला आणि तेरूच्या तोंडाशी धरला.

"पी."

तेरू दचकून जागी झाली. "नाई आजी. मंग फादर मले देनार नाई."

"नाई देणार. पी."

"मी आठवण ठेवली सारी. मले सारं पाठ आहे."

"मले माहीत आहे तुले पाठ आहे. तुझ्याहून बरं कोणालेच पाठ नाई. पी माये."

पोर रडत रडत प्याली. सगळा गडवा प्याली. जाळी भिजली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि समोरच्या टेबलाकडे पाहत होत्या, जिथे मेणबत्त्या उन्हानंच वाकायला लागल्या होत्या. ज्यासाठी त्या जगून राहिल्या होत्या, ते त्यांनी आपल्या हातानं मोडलं होतं. नात शेजारी गुडघे टेकणार नव्हती.

आईनं गडवा पुन्हा भरून आणला. "आता तं तुमीबी प्या. पोरीचं गेलंच. आता कोनासाठी?"

बाईंनी गडवा हातानं बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तिचं गेलं म्हणून तं मले पाहिजे. मी तिच्यासाठी मागून ठेवतो."

 आई गडवा घेऊन तिथेच बसून राहिली.

ऊन कलल्यावर इस्तारी काका झाडावरून ओरडला. गाडी आली. फादर चालत होते, गाडीच्या पुढे, झगा गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला, चेहरा भाजलेला. मंगळूरकडचे होते, जवान, आमची बोली त्यांना नवी होती, हिंदीत मराठी मिसळून बोलायचे. मनसारामनं दारातूनच सांगितलं, "धाव निघाली जी चाकाची. लाकूड सुकून गेलं, लोखंड ढिलं. वाटेत डबक्यात चाक बुडवून बसलो. चाकाले पानी पाजलं, तवा फुगलं न धाव बसली."

फादर आत आले. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फादर खाली बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. बाईंना पहिली गोष्ट सांगायची होती ती तेरूची. "फादर, ही माझी नात. हिची तयारी पूर्ण आहे. पण दुपारी मी तिले पानी पाजलं. मी पाजलं. तिची चूक नाई. दिवाळीत हिचं करा."

"पानी?" फादर म्हणाले. "सिर्फ पानी?"

"गडवाभर."

फादरांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. टांगलेली ओली पोती पाहिली, घमेलं पाहिलं, आईच्या मांडीतला भरलेला गडवा पाहिला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढे कितीदा तो स्टेजवर करायचा प्रयत्न केला, कधी साधला नाही.

"बाई, पानी चालतं," ते हळू म्हणाले. "जनवरीपासून चालतं. रोमहून नवा नियम आला. पाण्यानं उपास मोडत नाही आता. आपको किसीने... किसीने बताया नहीं?"

कोण सांगणार? म्हातारे फादर तापात पडले होते, आणि मधे होतं एवढं जंगल.

माझी आई उठली, बाहेर गेली आणि कुंपणाला धरून, ज्या शब्दांत ती मासे चोरणाऱ्या पोरांना शिव्या घालायची, त्याच शब्दांत आभाळाला शिव्या घालायला लागली. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

बाई मात्र तेरूकडे पाहत होत्या. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. "म्हणजे हिचं मोडलं नाई?"

"नाही मोडलं, बाई."

"बरं झालं मी पाजलं," त्या म्हणाल्या. स्वतः दिवसभर कशासाठी कोरड्या राहिल्या, हे त्यांच्या मनात आलंच नाही. किंवा आलं असेल. राणीनं थोडं गप राहावं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मिस्सा लगेच झाली. वाकलेल्या मेणबत्त्या तशाच लावल्या. बाईंना उचलून टेबलापाशी आणलं, इस्तारी काकानं आणि मी त्यांना दोन बाजूंनी धरलं. तेरूनं शेजारी गुडघे टेकले. ओली जाळी डोक्याला चिकटली होती, आणि ती राहून गेलेली टिकली कानाशी चमकत होती. आधी तिला प्रसाद मिळाला. ती कुठेही अडखळली नाही. मग फादर बाईंकडे वळले. ती पातळ पांढरी चकती त्यांनी जिभेवर ठेवली, आणि ती उतरेना. तोंडात ओलच नव्हती. बाईंनी मान वर केली, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. उतरेना.

"पानी," फादर म्हणाले. "कोई पानी दो."

दारात माझी आई होती. गडवा तिच्या हातात होताच. ती टेबलापर्यंत आली, पायातली माती तशीच, आणि डाव्या हातानं बाईंची मान धरून उजव्या हातानं तिनं पाणी घातलं. एक घोट. मग अजून एक. बाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. आधीचं दुखणं की त्या दिवसाचं ऊन, कोण सांगू शकेल? आमच्याकडे डॉक्टर नव्हता. फादर रात्रभर तिथेच राहिले होते, शेवटचं तेल त्यांनी लावलं. तेरू उशाशी बसून माळ जपत होती, न चुकता, शाळेत पाढे म्हणावेत तशी. तिची माळ संपायच्या आधीच बाईंचा श्वास थांबला, पण ती मधे थांबली नाही.

गावात त्यांचं स्मशान नव्हतं. मुखरू पाटलानं शाळेमागची आपली जागा दाखवली, मोहाच्या झाडाखाली, आणि फादरांनी ती पाण्यानं पवित्र केली. जमीन इतकी कडक की आमच्या ढिवरांची पोरं आणि पाटलाचे गडी आळीपाळीनं कुदळी मारत होते. पेटीला पाटलाच्या घराची दोन फळकुटं निघाली. बाई निळ्या काठाच्या लुगड्यातच गेल्या. माती लोटताना, जे कधी शाळेत टिकले नाहीत तेही सगळे तिथं उभे होते.

सगळं झाल्यावर लोक वळले. फादर शेवटची प्रार्थना म्हणत होते, तेवढ्यात बोडीच्या बाजूनं माझी आई आली. डोक्यावर भरलेली घागर. ती सरळ त्या मातीच्या ढिगापाशी आली, जिकडे बाईंचं डोकं होतं तिकडे बसली, आणि थांबली. तिला माहीत नव्हतं, यांच्यात हे चालतं की नाही.

"दिवसभर मी भरला गडवा घेऊन बसली होती जी," ती फादरांना म्हणाली. "मले घालू द्या."

"डालिए, बाई," फादर म्हणाले. "डालिए."

आईनं घागर कलती केली. ती ओरडली नाही, रडली नाही. सावकाश, जसं तान्ह्याला पाजतात तसं, एकाच जागी पाणी सोडत राहिली. तापलेली माती ते आवाज करत पीत होती. एक थेंबही वाहून गेला नाही. घागर रिकामी झाल्यावर ती उठली, पुन्हा बोडीकडे गेली आणि दुसरी घागर घेऊन आली.

तेरूला फादर नागपूरला मदर लोकांकडे घेऊन गेले. गाडीत बसताना तिनं जाळी घडी करून माझ्या हातात दिली. मी तिलाच ठेव म्हटलं, तर म्हणाली, "राणीले लागन." खरंच लागली. आमच्यासारख्यांकडे दुसरी ओढणी कुठली? मी ती पुढे किती वर्षं डोक्यावर घेतली. टिकल्या परत लावल्या नाहीत. ती एकच राहिली, कानाशी. नाटक कंपनीचे लोक म्हणायचे, "डोमा, राणीची ओढणी अशी भुंडी काऊन बे?" मी काही सांगत नसे.

आई म्हातारी होऊन गेली. तोवर दर उन्हाळ्यात, ऊन तापलं की, ती एक घागर शाळेमागे नेऊन ओतायची. आता माझ्यानं घागर उचलत नाही. मी तांब्या नेतो.